गाडी परत येईपर्यंत

जिंतूर तालुक्यातल्या ज्या गावात मी नऊ वर्षं नर्सबाई म्हणून काढली, तिथलं उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामातली एक खोली होती. एक टेबल, एक कपाट, भिंतीवर लहान कुटुंबाचं चित्र आणि कोपऱ्यात माझी वळकटी. पावसाळ्यात तिथं गळतीखाली ठेवलेली भांडी माझ्या संसारापेक्षा जास्त जागा अडवायची. मुक्काम गावातच करायचा असा हुकूम होता, आणि तो मी पाळायचे. माझ्या दोन्ही मुली मात्र जिंतूरला आईजवळ, भाड्याच्या खोलीत राहून शाळेत जायच्या. नवऱ्यानं मला टाकलं होतं. हे एकदाच सांगून मोकळी होते, कारण त्याचा पुढं काही संबंध नाही; संबंध आहे तो एवढाच की दोन ठिकाणची चूल माझ्या एकटीच्या पगारावर पेटायची.

पगार सरकारी, म्हणून लोकांना वाटायचं बाईचं बरं चाललंय. पण कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस पुऱ्या झाल्या नाहीत की पगार अडायचा, आणि केसेस कधीच पुऱ्या व्हायच्या नाहीत. एकाच बाईमागं मास्तर लागलेले, तलाठी लागलेला, ग्रामसेवक लागलेला, आणि शेवटी मी. चार जणांच्या नोकऱ्या एका बाईच्या पोटावर अडकलेल्या. चिडून चिडून मला त्या काळात पित्ताचा त्रास जडला, तो अजून आहे.

उपकेंद्रात आणखी एक सरकारी माणूस होतं. अर्धवेळ स्त्री परिचर, असं तिचं कागदावरचं नाव. मी तिला मावशी म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. तरी त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही. अर्धवेळ हा शब्द तर निव्वळ थट्टा होती. झाडणं-पुसणं तिचं, पाणी भरणं तिचं, बाळंतपणाला माझ्याबरोबर चिखल तुडवत येणं तिचं, घरोघर फिरून लेकरं गोळा करणं तिचं. आणि मानधन इतकं की कापसाच्या वेचणीत पंधरा दिवस वाकली तर त्याहून जास्त हातात पडायचं. तेही महिन्याच्या महिन्याला नाही, साहेबांच्या सहीला सवड मिळेल तेव्हा.

तरी ती ते काम सोडत नव्हती. गावाबाहेरच्या वस्तीत तिचं घर होतं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या साली वस्तीतली घरं जळाली, त्यात तिचंही जळालं. मी गावात आले तेव्हा त्या घरांवरचे पत्रे अजून नवे होते, आणि गावात त्या विषयावर कुणी तोंड उघडत नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी तिला नेमणुकीचा कागद मिळाला. तोवर गावातल्या बाया तिला दारातूनच हाक मारायच्या, आणि धान्य टाकायचं तर वरून टाकायच्या. कागद मिळाल्यावर ती माझ्याबरोबर ओसरीवर यायला लागली, बाळंतिणीच्या खोलीत यायला लागली. आज ना उद्या ही माणसं कायम करणार आहेत, असं कुणी तरी साहेब कधी तरी मिटिंगमध्ये बोलला होता. ते वाक्य तिनं मनात धरून ठेवलं होतं. सही करायलाही ती त्या कागदासाठीच शिकली. मला सारखी विचारायची, बाई, कायम कधी करणार? मी म्हणायचे, करतील. मला काय माहीत?

आता कामाचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

महिन्यातून एक दिवस लसीकरणाचा. लस आरोग्य केंद्रातून बर्फाच्या डब्यात आणायची. सिरिंज काचेच्या, सुया त्याच त्या. पाण्याला उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं उकळायच्या, मग लेकरांना टोचायच्या. नियमानं डबा आणायला मावशीनं जायचं आणि सुया मी उकळायच्या. आम्ही हे उलटं करून टाकलं होतं. मावशी डबा आणायला गेली तर एसटीचं तिकीट तिच्याच पदराचं, आणि वेचणीचा अख्खा दिवस बुडायचा. म्हणून मीच म्हटलं, तू राहा, मी जाते. उपकार केल्यासारखं म्हटलं. खरं असं की जिंतूरला एका खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यात मी सकाळचे दोन तास इंजेक्शनं द्यायला आणि ड्रेसिंग करायला जायचे. आठवड्यातून तीन-चार दिवस, चोरून. मुलींच्या खोलीचं भाडं त्यातून निघायचं. लसीच्या दिवशी तर आयतं कारण होतं. सकाळी दवाखाना करायचा, येताना वाटेतल्या आरोग्य केंद्रातून डबा उचलायचा आणि बाराच्या सुमाराला गावात हजर व्हायचं. सगळे म्हणायचे, बाई लय कष्टाळू.

उपकेंद्रात स्टो होता, पण रॉकेल येत नव्हतं. मागणी करून करून मी थकले. मग मावशी सुयांचं पातेलं घरी न्यायला लागली आणि आपल्या चुलीवर, आपल्या पऱ्हाट्या जाळून उकळायला लागली. सरकारच्या सुया, तिचं सरपण. घड्याळ तिच्याकडं नव्हतं; माझं एकच होतं, ते माझ्या मनगटावर जिंतूरला जायचं. तेव्हा मी तिला वेळ लावून दिली ती गाडीवर. सकाळी जिंतूरकडून एसटी यायची, गावावरून पुढं ओढ्यापलीकडच्या गावी जायची, आणि बरोबर अर्ध्या तासात परत फिरून आमच्या फाट्यावर यायची. त्याच परतीच्या गाडीनं मी जायचे. मी मावशीला सांगितलं, गाडी पुढं गेली की पातेलं ठेव, परत आली की उतरव. दहा मिनिटं पाणी तापायला, वीस मिनिटं उकळायला. हिशेब चोख होता. दोन वर्षं तो चालला आणि एकाही लेकराला साधी गाठ आली नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

त्या वर्षी भाद्रपदात ओढ्याला मोठा पूर आला आणि पलीकडं जायचा फरशी पूल वाहून गेला. गाडी तेव्हापासून ओढ्याच्या अलीकडंच, देवळाजवळच्या मोकळ्या जागेत वळायची आणि लगेच परत यायची. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मला तर पुरतं माहीत होतं, मी त्याच गाडीत बसत होते. गाडी लवकर आल्यानं मी जिंतूरला लवकर पोचायला लागले, उशिरापायी डॉक्टरांची बोलणी खावी लागायची ती बंद झाली, त्याचं मला बरंच वाटलं. फाट्यावर उभी राहून गाडीत चढताना चुलीवरच्या पातेल्याचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. एकदाही नाही. यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही, पण तसंच झालं.

पहिल्या महिन्यात निभावलं. दुसऱ्या महिन्यात नाही.

लसीनंतर तिसऱ्या दिवशी तीन लेकरांच्या मांड्या सुजल्या. दोघांचं गळू फुटून वाहून गेलं. तिसरी मुलगी, नऊ महिन्यांची, मळ्यातल्या एका बऱ्या शेतकरी घरातली. तिची आई पोरीला आणायला तयार होती, सासू नको म्हणत होती. मावशीनं त्या घरी तीनदा खेपा घालून सासूला राजी केलं होतं. त्या पोरीचा ताप उतरला नाही. मी रोज जायचे, पट्ट्या बदलायचे, गोळ्या द्यायचे आणि उद्या उतरेल म्हणायचे. दवाखान्यात न्या असं मी एक दिवस उशिरा सांगितलं. परभणीला नेलं तेव्हा पोरीचं अंग निळसर पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आई रिकाम्या हातानं परत आली. मी फाट्यावर उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं होतं. तिच्या हातच्या सुया घेतल्यावर दुसरं काय होणार? पारावर, पिठाच्या गिरणीवर, आडावर, सगळीकडं तेच. सुई मी टोचली होती. माझ्या हाताचं नाव कुणीही घेतलं नाही. मी त्यांच्यातलीच, बोरीकडच्या एका शेतकरी घरातली लेक. माझ्या हाताला काय होणार? दोन दिवस वस्तीतल्या बाया पाण्याला एकट्या गेल्या नाहीत, आणि बाप्ये कामाला गेले नाहीत. मला हे सगळं दिसत होतं. गिरणीवर चार माणसांसमोर, सुई मी टोचली, एवढं एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी दळण घेतलं आणि खोलीवर आले.

मग निरोप आला की तालुक्याहून साहेब चौकशीला येणार. आदल्या दिवशी दुपारी मी मावशीच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदा आत जाऊन बसले. तिची सून पोटुशी होती, ती मला बघून मागच्या दारानं निघून गेली. चूल थंड होती, शेजारी सुयांचं पातेलं पालथं घातलेलं, राखेनं घासून लख्ख केलेलं.

मी विचारलं, पातेलं किती वेळ ठेवलं होतंस? आवाज चढवूनच विचारलं, कारण तोवर मला खरंच वाटत होतं की हिनंच काही तरी घोळ घातला.

"गाडी गेली तव्हा ठिवलं, गाडी आली तव्हा उतरीवलं," ती म्हणाली. "तुमी सांगितल्यावानीच."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. मी म्हटलं, अगं, पण गाडी तर आता देवळापासून वळते! ती म्हणाली की व्हय, वळती की, मला ठावं हाय. पाण्याला नुसते बुडबुडे धरलेले असायचे तेव्हाच गाडीचा हॉर्न यायचा. तिला जरा वाटलं होतं की लवकर होतंय. पण बाईनी गाडीवर सांगितलंय, गाडीचं बाईला ठाऊक आहे, बाई त्याच गाडीत बसून जातात. काही बदलायचं असतं तर बाई बोलल्या असत्या. आणि तिनं आणखीही एक सांगितलं, न लपवता. आधी पातेल्यापायी वेचणीला उशीर व्हायचा, मुकादम अर्धी मजुरी कापायचा. गाडी लवकर यायला लागल्यावर ती बायांच्या पहिल्या टोळीत शेतात पोचायला लागली. बरं झालं, असं तिलाही वाटलं होतं.

म्हणजे गाडी लवकर आली म्हणून आम्ही दोघीही खूश होतो. ती वेचणीला पळत होती, मी दवाखान्यात. आणि ज्या कामाचा आम्हाला सरकार पगार देत होतं, ते काम चुलीवर एकटं पडलं होतं.

मी रडले नाही. रडले असते तर आज जरा बरं सांगता आलं असतं. मी आधी विचार केला तो माझ्या नोकरीचा. सकाळी मी कुठं होते असं साहेबानं विचारलं की दवाखान्याचं बिंग फुटणार. मग नोकरी गेली, आणि मुलींचं शिक्षण गेलं. मी मावशीला म्हटलं, उद्या विचारतील तर सांग, पातेलं ठेवलं तेव्हा बाई इथंच होत्या.

ती मग हळू आवाजात म्हणाली, "तुमी हितं व्हत्या म्हणल्यावर, बाई, येळ कुणाचा चुकला म्हणायचं?"

मी जमिनीकडं बघत राहिले. त्याहून स्पष्ट उत्तर काय असतं? तिनं ते घेतलं. तिचा चेहरा एकदा उतरला, आणि मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"माझा म्हणा," ती म्हणाली. "तुमच्या पोरी शिकायल्यात. आन् माजं असं काय जायलंय? तेवढं तर मी वेचणीतबी कमवीन."

तिचं काय जात होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी ते वाक्य चटकन उचललं, भूक लागलेल्या माणसानं भाकरी उचलावी तसं. सहा महिन्यांत तुला परत लावून घेते, असा शब्दही दिला. तो देतानाच मला माहीत होतं की मी काही करणार नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात साहेबांनी जबाब घेतले. माझा आधी. मी स्वतः हजर होते, वीस मिनिटांची स्पष्ट सूचना दिली होती, परिचर बाईनं मला न विचारता भांडं लवकर उतरवलं, असं मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मावशीला विचारलं, बरोबर आहे का? व्हय, म्हणाली. बाई तिथं होत्या? व्हय, व्हत्या. रॉकेल का नव्हतं, सरकारी सुया घरच्या चुलीवर का गेल्या, यातलं साहेबांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याही वरच्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. मावशीनं खाली वाकून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर काढत सही केली. ती सही मीच तिला शिकवली होती. आठवड्याभरात तिला कमी केल्याचा कागद आला. त्याच आठवड्यात रॉकेलही आलं, पुरा डबा भरून.

तिच्या जागी कुणी आलंच नाही. त्या पैशात कोण येणार? दोन बायांना मी विचारलं, दोघी हसल्या. झाडू, पाणी, बाळंतपणं, सगळं माझ्या एकटीवर आलं. दवाखान्याचं काम मी सोडलं. चांगुलपणानं नाही, भीतीनं. लसीच्या दिवशी मी बारापासून चारपर्यंत बसून राहायचे आणि बर्फ वितळायचा. लेकरू आणायला सांगणारी बाई उरली नव्हती, आणि मी घरोघर गेले की दारं लागायची. आधी जिथं चहा टाकून माझं स्वागत व्हायचं, तिथं आता सासवा म्हणायच्या, आमचं लेकरू मामाच्या गावाला गेलंय. होळीनंतर गोवर आला. आधी ऊसतोडीहून परतलेल्या घरांत, मग सगळीकडं. माझ्या रजिस्टरात त्या दोन महिन्यांत लिहिलेली लहान नावं मला अजून क्रमानं पाठ आहेत. ती मी इथं लिहिणार नाही. त्यांतलं एकही नाव मावशी असती तर वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. काही वाचली असती, एवढं मात्र नक्की.

वैशाखातल्या लसीच्या दिवशी मी अशीच रिकामी बसले होते. ऊन रणरणत होतं. मावशी आली. कामावरून काढल्यापासून तिनं उपकेंद्राचा उंबरा ओलांडला नव्हता, वाटेत दिसली तर मान हलवून जायची, बस. आता तिच्या खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली नात होती, तीन महिन्यांची. त्या दिवशी लसीला आलेलं गावातलं एवढं एकच लेकरू.  मी उठून खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. मी घाईघाईनं सिरिंज उचलली.

"बाई," ती म्हणाली, "सुया ठिवल्यापसून तुमी हितंच व्हत्या का?"

खरंच होते. डबा घेऊन आल्यापासून स्टोसमोरून हलले नव्हते. मी म्हटलं, होते.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हेच वाक्य माझ्या तोंडचं तिनं त्या व्हरांड्यात साहेबाकडून ऐकलं होतं, आणि त्याला व्हय म्हणाली होती. पोरीला तिनं खांद्यावर नीट घेतलं आणि दारातच फतकल मारून बसली.

"पुन्यांदा ठिवा," म्हणाली. "मी बसते."

मी स्टो पेटवला. पातेल्यात नवं पाणी घातलं, सुया सोडल्या. पाण्याला बुडबुडे धरले, मग उकळी फुटली, मग काचा पातेल्याला लागून वाजायला लागल्या. ती एकटक पाण्याकडं बघत होती. मी घड्याळ काढून तिच्यासमोर फरशीवर ठेवलं, त्याकडं तिनं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. पोर रडायला लागली तशी तिनं तिला मांडीवर हलवली, पण नजर काढली नाही.

वेळ भरल्यावर मी म्हटलं, मावशी, वीस मिनिटं झाली.

"आजूक ठिवा," ती म्हणाली.

मी ठेवलं.